ऐच्छिक विषयांची यादी आणि इंदापूरचा शेतसारा

१/ राज्यशास्त्राच्या एम.ए.ला प्रवेश घेतला की ऐच्छिक विषय निवडावे लागतात. आंतरराष्ट्रीय संबंध घ्यावेत की महाराष्ट्राचे राजकारण? पहिला विषय दूरचा, दुसरा घरचा, असा सर्वसाधारण समज असतो. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांचा इतिहास मात्र ही विभागणी मान्य करीत नाही.

२/ ईस्ट इंडिया कंपनीचे भावी अधिकारी इंग्लंडमधील हेलीबरी येथे शिकत. तेथे अर्थशास्त्राचे अध्यापन थॉमस माल्थस करीत असत. त्यांचा विद्यार्थी रॉबर्ट कीथ प्रिंगल पुढे पुणे जिल्ह्यात जमीन मोजणीच्या कामावर आला.

३/ वर्गात शिकलेला खंडाचा सिद्धांत त्याने शिवारात उतरवला. उत्पन्नातून लागवडीचा खर्च वजा करावा आणि उरलेल्यातील ५५ टक्के सरकारने घ्यावेत, असा तो हिशेब होता. १८३० च्या सुमारास इंदापुरात तो लागू झाला. मोजणी सदोष होती, सारा जड होता, त्यातच धान्याचे भाव उतरले. शेतकऱ्यांनी जमिनी सोडल्या व शिवारे पडीक राहिली.

४/ अखेर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी फेरमोजणी केली. जमिनीचा कस व प्रत्यक्ष वसुलीचा अनुभव पाहून १८३६ मध्ये ३० वर्षांसाठी सौम्य दर ठरले. मुंबई इलाख्यातील पुढील मोजणीचा पाया इंदापुरातच घातला गेला.

५/ १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि इलाख्यात कापसाचे भाव चढले. पैसा खेळू लागला, तसे कर्जही वाढले. युद्ध संपताच भाव कोसळले. पुढे मुदत संपल्यावर सारा वाढवण्यात आला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे (आज बारामती तालुका) शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल करून वह्या आणि कर्जरोखे हिसकावून घेतले. या उठावानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला.

६/ सुप्याची ही घटना कोणत्या पेपरात बसवावी? लोकप्रशासन, राजकीय विचार, जागतिक अर्थव्यवस्था आणि शेतकरी चळवळ या चारही विषयांचा तिच्यावर हक्क आहे. आज साखर निर्यातीवर निर्बंध आले, तर त्याचा हिशेब भवानीनगर आणि सोमेश्वरनगरच्या कारखान्यांतही मांडावा लागतो.

७/ म्हणून विषय निवडताना केवळ गुणांचा व नोट्सच्या उपलब्धतेचा विचार पुरेसा नाही. आंतरराष्ट्रीय संबंध घेणाऱ्याने आपल्या तालुक्याचे महसुली दप्तर चाळावे. राज्याचे राजकारण घेणाऱ्याने त्या दप्तरामागचा सिद्धांत कोठून आला, हे शोधावे. प्रिंगलने सिद्धांत पाठ केला होता, पण इंदापूरची जमीन त्याच्या अभ्यासक्रमात नव्हती. त्याची किंमत तेथील शेतकऱ्यांनी मोजली.