शाल-श्रीफळाच्या पलीकडे : सोपाऱ्याचे ऋण आणि पंडित भगवानलाल इंद्रजी



आपल्याकडे स्थानिक इतिहासकाराचा सत्कार म्हटला की शाल, श्रीफळ आणि दोन-चार भाषणं ठरलेली. त्यात वावगं काही नाही. पण गंमत बघा, अशा समारंभांबद्दलचा एक फार जुना मजकूर आपल्याच वसईतल्या भुईगावात सापडला आहे. तो म्हणजे सम्राट अशोकाच्या नवव्या लेखाचा तुकडा. १९५६ साली एन. ए. गोरे यांना तो मिळाला. इतर ठिकाणच्या प्रतींवरून या लेखाचा पूर्ण आशय कळतो. लोक आजारपणात, लग्नकार्यात, प्रवासाला निघताना नाना मंगल विधी करतात. ते जरूर करावेत, पण त्यांचं फळ थोडं. खरं फळ मिळतं ते चांगल्या वागणुकीचं, असं अशोक सांगतो.

हे मनात ठेवून आज मला एका माणसाची आठवण करून द्यायची आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी. ते इथले नव्हेत. जन्म १८३९चा, जुनागढचा. गावाजवळच गिरनारच्या पायथ्याशी अशोकाचे लेख कोरलेला मोठा खडक. ती प्राचीन लिपी हा मुलगा स्वतःच्या कष्टाने वाचायला शिकला. पुढे मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याकडे कामाला आला आणि त्यांच्यासाठी देशभर फिरून लेखांचे ठसे घेतले. इंग्रजीत ते लिहीत नसत. लिहायचे गुजरातीत आणि इतर विद्वान त्याचं भाषांतर करायचे.

१८८२ साली ते सोपाऱ्यात आले. इथे एक मोठा उंचवटा होता. लोक त्याला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणायचे. बुरूड म्हणजे बांबूच्या टोपल्या विणणारा. आता टोपल्या विणणारा राजा कुठून आला, असं म्हणून कुणी हसलंही असतं. पंडितांनी मात्र तिथे खणून पाहिलं. निघाला विटांचा बौद्ध स्तूप! त्याच्या पोटात दगडी पेटी. पेटीत तांब्याचा करंडक आणि त्याभोवती आठ छोट्या कांस्यमूर्ती. करंडकात एकात एक बसवलेल्या डब्या : चांदीची, दगडाची, स्फटिकाची आणि शेवटी सोन्याची. सोन्याच्या डबीत काय असावं? मातीच्या भांड्याच्या खापऱ्या. बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून त्या श्रद्धेने जपलेल्या होत्या. शिवाय सोन्याची फुलं आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणंही मिळालं.

याच भेटीच्या सुमाराला भातेला तलावाजवळ मिळालेला एक फुटका दगड त्यांच्यासमोर आला. त्यावरची तुटक अक्षरं अशोकाच्या आठव्या लेखाची आहेत, हे त्यांनी ओळखलं. राजाने शिकारीच्या सहली सोडून धर्मयात्रा सुरू केल्याचं हा लेख सांगतो. गिरनारवर आपण वाचलेली अक्षरं इतक्या दूर, समुद्राकाठच्या बंदरात पुन्हा भेटली तेव्हा त्यांना काय वाटलं असेल! सोपारा हे अशोकाच्या काळातलं महत्त्वाचं ठिकाण होतं, याचा दगडी पुरावा त्या दिवशी हाती आला.

मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. पेटीतली प्रत्येक वस्तू कुठे होती, कशी ठेवली होती, हे त्यांनी लिहून ठेवलं आणि त्याच वर्षी प्रसिद्ध केलं. म्हणून आज ते अवशेष मुंबईत एशियाटिक सोसायटीकडे असले, तरी त्यांचा पत्ता सोपाराच राहिला. दगड कुठून आला हे लिहिलं नाही, तर तो नुसता दगड उरतो.

पुढे १८८४मध्ये हॉलंडच्या लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. १८८८ साली, पन्नाशीच्या आतच, ते गेले.

आता आपल्याकडे या. स्तूपाला विसरलेल्या लोकांनीही टेकडीचं नाव जपलं होतं. आज आपली वस्ती वाढते आहे. पाया खणताना, विहीर बुजवताना काय निघतं याची नोंद कोण ठेवतं? गावातली जुनी नावं, बावखलं, वाड्या, शेताच्या बांधावरचे कोरीव दगड... जागेवरून हलवण्याआधी निदान फोटो काढा, ठिकाण आणि तारीख लिहा, घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.

इतिहास जपणाऱ्याला शाल जरूर द्या. पण घरी गेल्यावर त्याच्यासारखी एक तरी नोंद करा. नववा लेख आपल्याच मातीत मिळाला आहे, एवढं तरी आपण ऐकायला हवं.