चाओ

बीडकडे पारावर रामराम घालायला वेळकाळ पाहावी लागत नाही. आल्यावर रामराम, निघतानाही रामराम. इटालियन शिकणाऱ्याला 'चाओ'ही असाच दोन्हीकडे वापरता येतो. त्याचं मूळ मात्र चटका लावतं. व्हेनिसच्या बोलीत 'स्च्याओ वोस्त्रो' म्हणजे 'मी आपला दास'. बोलता बोलता 'आपला' गळाला, सुरुवातीचा 'स्' झिजला आणि 'चाओ' उरला. त्याच्याही मागे मध्ययुगीन लॅटिनमधला 'स्क्लावुस', म्हणजे स्लाव्ह माणूस. इतके स्लाव्ह लोक धरून विकले गेले, की त्यांच्या जमातीचं नावच गुलामाला चिकटलं.

दास म्हणवून घेणं आपल्याला नवं नाही. अंबाजोगाईचे दासोपंत (जन्म १५५१), कापडी पासोडीवर ओव्या लिहिणारे, नावातच दास्य मिरवतात. पण ते दत्तप्रभूंचं. व्हेनिसकर ते समोरच्या माणसालाच वाहत होता.

आज मात्र 'चाओ' घरच्यांत नि दोस्तांतच शोभतो. दुकानदाराला, मित्राच्या आजीला 'ब्वोनजोर्नो' म्हणावं, निघताना 'अरिवेदेर्ची'. आणि 'तू'च्या जागी 'लेई', आपल्या 'अहो-जाहो'सारखं.