गीझरचा थर्मोस्टॅट

थर्मोस्टॅट हे तापमान ठरावीक मर्यादेत राखणारे स्वयंचलित नियंत्रक होय. रत्नागिरीसारख्या कोकण किनारपट्टीवरील शहरात हिवाळा सौम्य असल्याने घरे तापवावी लागत नाहीत. तेथे घरगुती वापरातील थर्मोस्टॅट प्रामुख्याने बंबाची जागा घेतलेल्या विजेच्या गीझरमध्ये आढळतो.

कार्य
द्विधातू पट्टीच्या थर्मोस्टॅटचे पेटंट अँड्र्यू यूर यांनी १८३० मध्ये घेतले. साठवणीच्या गीझरमध्ये धातूची दांडी किंवा केशनळीतील द्रव उष्णतेने प्रसरण पावतो व कॉइलचा विद्युतप्रवाह खंडित होतो. पाणी काही अंश निवल्यावर तो पुन्हा सुरू होतो. त्यामुळे बटण अधिक फिरवल्यास पाणी लवकर तापत नाही, केवळ अधिक तापते.

जुळवणी
दिवा विझल्यावर नळाच्या पाण्याचे तापमान तापमापीने मोजतात. फरक आढळल्यास बटण थोडेसे फिरवून, पाणी पुन्हा पूर्ण तापल्यावर मोजणी करतात. जुळवणीचा स्क्रू झाकणाच्या आत असल्यास आधी वीजपुरवठा बंद करणे आवश्यक असते.

दक्षता
साठवणीचे पाणी सुमारे ६०° से. तापमानाला ठेवल्यास लीजिओनेला जीवाणूंची वाढ रोखली जाते. मात्र तेच पाणी काही सेकंदांत त्वचा भाजू शकते. लहान मुले व वृद्ध यांना हा धोका अधिक असल्याने बादलीत आधी गार पाणी घेऊन मग गरम पाणी मिसळणे इष्ट ठरते.