दोन दोरांची गाठ

वैशाख लागला की यवतमाळ जिल्ह्यातल्या कितीतरी विहिरींचे पाणी तळाला जाते आणि बादलीचा दोर अपुरा पडतो. आमच्या लहानपणी अशा वेळी गोठ्यातला जुना कासरा काढायचा आणि विहिरीच्या दोराला जोडायचा, एवढाच उपाय होता. पहिल्यांदा मी दोन्ही टोके एकत्र धरून गच्च गाठ मारली, तेव्हा आजोबांनी दोर माझ्या हातातून काढून घेतला. "निरगाठ नको मारू बाप्पा. ओली झाली का मंग सुटत नाई."

त्यांनी जाड दोराचे टोक दुमडले. कासऱ्याचे टोक त्या दुमडीतून खालून वर घेतले, दुमडीच्या दोन्ही पदरांमागून फिरवले आणि कासऱ्याच्याच अंगाखालून काढले. ओढून पाहिले. झाले. दिवसभर भरलेल्या बादल्या वर आल्या. संध्याकाळी दुमड जराशी मागे वाकवली, तशी गाठ आपोआप सैल झाली. ओझे जितके जड, तितकी दुमड कासऱ्याला अधिक दाबून धरते. ओझे उतरले की धरही सुटतो.

ही गाठ पुढे मला पुस्तकात भेटली ती इंग्रजी नावाने, 'शीट बेंड' म्हणून. शिडाला आवरणाऱ्या दोराला इंग्रज खलाशी 'शीट' म्हणतात. डेव्हिड स्टील यांच्या 1794 च्या जहाजविद्येच्या ग्रंथात हे नाव छापलेले आहे. मग समुद्र न पाहिलेल्या माझ्या आजोबांना ती कुठून आली? उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही. मागावर सूत तुटले की कोष्टी ज्या गाठीने ते जोडतो, तिची घडण हीच. पैनगंगेच्या काठचा भोई जाळे विणताना प्रत्येक घराच्या कोपऱ्यावर जी गाठ घालतो, तीही हीच. युरोपातल्या नवाश्मयुगीन सरोवरवस्त्यांत सापडलेल्या जाळ्यांवरसुद्धा हीच घडण दिसते. म्हणजे स्टीलच्या ग्रंथाच्या हजारो वर्षे आधी ती माणसाच्या बोटांत होती. खलाशांनी तिच्यावर पुस्तके लिहिली, म्हणून त्यांचे नाव तिला चिकटले. क्लिफर्ड अ‍ॅश्ले या अमेरिकन चित्रकाराने 1944 साली गाठींचा जो महाग्रंथ छापला, त्यात 3800 हून अधिक नोंदी आहेत. आमच्याकडे असे कुणी लिहून ठेवले नाही.

शब्द मात्र आपण जपले. संस्कृत 'ग्रंथि', प्राकृत 'गंठि', मराठी 'गाठ'. ताडपत्रांना भोके पाडून दोरीत ओवले की झाला 'ग्रंथ'. तोही याच कुळातला. आणि दोन माणसे भेटली तरी मराठीत त्यांची 'गाठ' पडते. निरगाठ आणि सुरगाठ, न सुटणारी आणि ओढताच सुटणारी, हे दोन्ही शब्द मोल्सवर्थच्या 1857 च्या कोशातही आहेत. आजोबांची गाठ या दोघींच्या मधली. सुरगाठीसारखी चटकन सुटते, पण ओझे असेपर्यंत निरगाठीसारखी धरते.

गाठीची कुळकथा दोरापासून सुरू होते, आणि दोर वळण्याची विद्या आपल्याकडे परंपरेने मातंग समाजाच्या हाती राहिली. अंबाडीचे देठ पाण्यात भिजत घालायचे, साल सोलून वाख काढायचा, धुऊन वाळवायचा, मग पीळ द्यायचा. सुटे पदर एका दिशेने पिळायचे आणि ते एकत्र वळताना उलट दिशेने. दोन उलटे पीळ एकमेकांना उकलू देत नाहीत, म्हणून दोर दोर राहतो. पोळ्याला बैलांच्या अंगावर चढणारे नवे कासरे याच हातांनी वळलेले असत. या विद्येचे श्रेय त्यांना पुरेसे मिळाले नाही, असे मला मनापासून वाटते.

उलट्या पिळाची ही करामत गाठीतही चालते. 2020 च्या जानेवारीत 'सायन्स' या नियतकालिकात विशाल पाटील आणि त्यांच्या एमआयटीतल्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. ताण पडताच रंग बदलणारे धागे घेऊन त्यांनी गाठी तपासल्या. गाठीत धागे किती वेळा एकमेकांना ओलांडतात, शेजारचे पदर कोणत्या दिशेने पिळले जातात आणि कसे घासतात, यावर तिची पकड ठरते, असे त्यांना दिसले.

आता अंबाडीचा दोर बाजारात क्वचितच दिसतो. विहिरीवर नायलॉन आहे, गोठ्यात प्लॅस्टिकची दावी आहेत. वाखाचा दोर खरखरीत होता, एका वेढ्यात धरायचा. नायलॉन गुळगुळीत, तोच एक वेढा त्यावर हळूहळू सरकतो, आणि ताण कमी-जास्त झाला की सुटतोही. म्हणून नायलॉनचे दोर जोडताना दुमडीमागून एक नव्हे, दोन वेढे घ्या, दोन्ही मोकळी टोके एकाच बाजूला येऊ द्या आणि टोक वीतभर तरी बाहेर ठेवा. माणूस विहिरीत उतरवायचा असेल, तर मात्र जोडलेला दोर वापरूच नका. अखंड दोर आणा.