कॅम्परडाउन एल्म
(लॅ. उल्मस ग्लॅब्रा ‘कॅम्परडाउनी’, कुल–उल्मेसी). डोंगरी एल्म (विच एल्म) या पानझडी वृक्षाचा, फांद्या जमिनीकडे लोंबणारा शोभिवंत वाण. स्कॉटलंडमधील डंडीजवळच्या कॅम्परडाउन हाउसच्या आवारात १८३५–४० च्या सुमारास मुख्य वनपाल डेव्हिड टेलर यांना जमिनीलगत सरपटणारी, वेडीवाकडी वाढलेली एल्मची फांदी आढळली. तिचे कलम त्यांनी विच एल्मच्या खुंटावर बांधले. आजची झाडे त्याच कलमाची वंशज होत [→ कलमे]. बियांपासून वाणाचे गुण उतरत नाहीत.

कलम साधारणपणे पुरुषभर उंचीवर बांधतात. झाडाची उंची त्यापुढे फारशी वाढत नाही; पिळवटलेल्या फांद्या छत्रीसारख्या पसरून टोके भुईला टेकतात. पाने मोठी, खरखरीत, दातेरी, तळाशी असमान. फुले पालवीआधी येतात, फळ सपक्ष. महाराष्ट्रातील वावळ याच कुलातील [→ वावळ].

व्हिक्टोरियन काळात उद्याने व दफनभूमींत याची लागवड झाली. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील प्रॉस्पेक्ट पार्कमध्ये १८७२ साली लावलेल्या, पुढे ढासळत चाललेल्या झाडावर कवयित्री मेरिअॅन मूर यांनी १९६७ मध्ये कविता लिहिली. त्यातून त्याच्या जतनाला बळ मिळाले. डच एल्म हा सालभुंगेऱ्यांमार्फत पसरणारा कवकजन्य रोग एल्म वृक्षांस मारक ठरतो [→ कवक].