सोलाण्याची मूठ नेमकी कोणाची?

#थ्रेड #इतिहास

१/
साल काढण्याचे एक सोलाणे आहे. काळी, जाड, रबरासारखी मऊ मूठ; अंगठा आणि बोट टेकते तिथे दोन्ही बाजूंस लवचिक खाचा. न्यूयॉर्कच्या ‘म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट’च्या संग्रहातही ते आहे. अपंगांसाठी घडलेल्या गृहोपयोगी वस्तूंचा इतिहास सांगताना बहुतेक लेखक याच सोलाण्यापासून आरंभ करतात. आपणही तेथूनच करू.

२/
प्रचलित कथा अशी : सॅम फार्बर हे भांड्यांच्या व्यवसायात मुरलेले उद्योजक. निवृत्तीनंतर दक्षिण फ्रान्समध्ये मुक्कामाला असताना पत्नी बेट्सी यांना सफरचंदे सोलताना होणारा त्रास त्यांनी पाहिला. बेट्सींच्या हातांना संधिवात होता. धातूच्या बारीक दांड्याचे सोलाणे त्यांना धरवत नव्हते. सॅम यांनी ‘स्मार्ट डिझाइन’ या संस्थेला हाताशी धरले आणि १९९० साली ‘ऑक्सो गुड ग्रिप्स’ बाजारात आले.

३/
रचनेमागील तर्क सोपा आहे. मूठ जाड असली की बोटे पूर्ण आवळावी लागत नाहीत. लंबगोल असली की ती हातात फिरत नाही. ओल्या हातातूनही निसटू नये म्हणून सँटोप्रीन हे रबरसदृश द्रव्य. सांधे धडधाकट असलेल्यांनाही ही मूठ सुखावह वाटली, म्हणूनच ती खपली.

४/
आता कथेतील खोच. लिझ जॅक्सन या अपंग लेखिकेने २०१८ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये अपंग व्यक्तींच्या कल्पकतेविषयी लेख लिहिला. बेट्सींनी त्यांना सांगितले की मूळ कल्पना आपली होती. इतिहासात मात्र आपली नोंद बहुधा संधिवाताची रुग्ण एवढीच राहील. म्हणजे प्रचलित कथेत पतीच्या वाट्याला प्रतिभा आली आणि पत्नीच्या वाट्याला दुखणे.

(‘दिव्यांग’ हा शब्द आपल्या शासकीय व्यवहारात अलीकडे रुळला. येथील काळ त्याआधीचा आहे, म्हणून मी ‘अपंग’ हाच शब्द वापरते आहे.)

५/
ही वाटणी जुनी आहे. लिलियन गिलब्रेथ (१८७८–१९७२) आणि त्यांचे पती फ्रँक हे कामातील हालचालींचे अभ्यासक. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांना पुन्हा कामावर कसे आणता येईल, यावर १९२० साली दोघांचे पुस्तक आले. तेथे केंद्रस्थानी होता कमावता पुरुष. घरकाम हेही श्रमच, आणि अपंग स्त्रीलाही ते करावे लागते, हा विचार ठळकपणे पुढे यायला दुसरे महायुद्ध उलटावे लागले.

६/
१९४० च्या दशकाच्या अखेरीस गिलब्रेथबाईंनी हृदयविकार असलेल्या गृहिणींसाठी ‘हार्ट किचन’ आखले : शक्य ती कामे बसून, नित्याच्या वस्तू हाताच्या टप्प्यात, वाकणे आणि फेऱ्या कमी. १९५५ साली न्यूयॉर्क विद्यापीठाशी संलग्न हॉवर्ड रस्क व सहकाऱ्यांनी अपंग गृहिणींच्या प्रशिक्षणासाठी स्वतंत्र पुस्तिकाच काढली. मोलाचे काम होते, यात शंका नाही. पण तज्ज्ञ सांगणार आणि गृहिणी शिकणार, अशीच त्याची दिशा.

७/
उलट दिशेचा पुरावा मला सर्वांत मोलाचा वाटतो. १९५८ साली ओहायोतील क्लीव्हलंडच्या पोलिओ केंद्राच्या परिसरातून एक छोटे नियतकालिक निघू लागले : ‘टूमी जे गॅझेट’. जिनी लॉरी या स्वयंसेविका त्याच्या संपादक. लिहिणारे आणि वाचणारे बव्हंशी पोलिओतून वाचलेले स्त्री-पुरुष. तोंडात काठी धरून टंकलेखन कसे करावे, चाकाच्या खुर्चीतून घर कसे चालवावे, बाजारातील वस्तूला काय जोडले म्हणजे ती आपल्या हाताला वश होते, हे ते एकमेकांना कळवीत. येथे तज्ज्ञ कोण आणि लाभार्थी कोण, हे वेगळे काढताच येत नाही.

८/
मग इतिहासात ही माणसे दिसत का नाहीत? कारण बरेचसे साधनांचे आहे. कंपनीला दप्तर असते, पेटंटवर नाव असते, संग्रहालयात फलक असतो. घरी चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून त्याची मूठ जाड करणाऱ्या बाईच्या युक्तीची नोंद कोण ठेवणार? ती चमच्याबरोबरच झिजते. गॅझेटसारखे एखादे नियतकालिक टिकते, तेव्हाच तिचा माग लागतो. बेस विल्यमसन यांच्यासारख्या अभ्यासकांनी या अंकांकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहिले, हे त्यांचे मोठे काम.

९/
एक नाव मात्र दोन्ही बाजूंना बसते. मार्क हॅरिसन अकराव्या वर्षी बर्फावरील घसरगाडीच्या अपघातात सापडले. मेंदूला इजा झाली. चालणे-बोलणे पुन्हा शिकावे लागले. पुढे ते ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनमध्ये प्राध्यापक झाले आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ‘क्विझिनार्ट’च्या फूड प्रोसेसरची नवी रचना केली : मोठ्या कळा, भरघोस मूठ, ठळक अक्षरे. ‘गुड ग्रिप्स’च्या दशकभर आधी.

१०/
आणि ते सोलाणे? म्युझियमच्या नोंदीत रचनाकार म्हणून नाव आहे ‘स्मार्ट डिझाइन’.