माळ्यावरची बाई आणि दगड मारणारी पोरगी

शार्लट ब्राँटीची 'जेन आयर' ही कादंबरी १८४७ साली आली. तिच्यात रॉचेस्टर नावाच्या मालकानं पहिली बायको माळ्यावर कोंडलीय. बर्था, जमेकाची. ती चावते, ओरडते, घराला आग लावून मरते. तिची बाजू तिच्या तोंडून कुठंच नाही.

१९६६ साली जीन ऱ्हीसनं ही गोष्ट उलटी करून लिहिली. 'वाइड सारगॅसो सी'. ऱ्हीस स्वतः डॉमिनिका बेटावरची, गोऱ्या घरातली. तिनं सांगितलं, या बाईचं नाव आँत्वानेत. 'बर्था' हे नवऱ्यानं चिकटवलेलं. तीस हजार पौंड घेऊन लग्न केलं, पैसा खिशात, बाई माळ्यावर.

रात्रपाळी करून, मांडीवर डिक्शनरी घेऊन मी दोन्ही वाचली. आधी खूश झालो. मग वाटलं, थांब गड्या, हे तीस हजार आले कुठनं? 'जेन आयर'मधला सासरा मळेवाला अन् व्यापारी. जमेकाचा मळा म्हणजे ऊस, अन् ऊस म्हणजे गुलाम.

ब्रिटिश पार्लमेंटनं १८३३ साली गुलामी मोडायचा कायदा केला. २ कोटी पौंड भरपाई मंजूर केली. कुणाला? मालकांना! राबणाऱ्याला छदाम नाही. उलट 'अप्रेंटिस' म्हणून १८३८ पर्यंत आठवड्यातले बरेच तास बिनपगारी राबवलं. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतली गुलामी मोडणाऱ्यांना. म्हणून हा हिशेब आपलाही आहे.

ऱ्हीसच्या पुस्तकात क्रिस्तोफीन आहे. काळी बाई, मार्टिनिकची. मालकानं बायकोला लग्नात भेट दिलेली. भेट! भांडं द्यावं तशी. तीच रॉचेस्टरला तोंडावर जाब विचारते. अन् निघून जाते. पुन्हा दिसत नाही. तिया ही आँत्वानेतची काळी मैत्रीण. मळेवाल्याचं घर पेटतं तेव्हा आँत्वानेत तिच्याकडे धावते. तिया दगड मारते, अन् मारून स्वतःच रडते.

ऱ्हीस चुकली असं मी म्हणत नाही. तिनं आपलं माणूस माळ्यावरून सोडवलं. पण दुसरा कुणी आपलं लिहील म्हणून बसून राहिलो, तर दोस्तहो, पुस्तकात आपल्याला दगड मारण्यापुरतंच बोलावतील.

तियानं तो दगड का उचलला? अन् मारल्यावर का रडली? ते मला तियाच्या तोंडून वाचायचंय.